चौदाव्यावरचे पाच फटके

मला गोल्फची शिसारी आली आहे. बत्तीस वर्षं स्कॉटलंडातल्या बाल्कर्नीच्या मैदानावर गवत कापणाऱ्या माणसाने असं बोलू नये, निदान बेकरीच्या रांगेत तरी बोलू नये, असं माझी बायको म्हणते. पण आली आहे त्याला मी काय करू? माझा बाप इथेच गवत कापत होता, त्याचा बापही. त्यांना कधी शिसारी आली नाही, कारण त्यांच्या वेळी हिवाळ्यात खेळ बंद व्हायचा आणि माणसं चार महिने एकमेकांशी दुसऱ्या विषयावर बोलायची.

आता वर्षाला ना सुरुवात ना शेवट. जानेवारीत सगळे वाळवंटात जातात, तिथे समुद्राचं पाणी गोडं करून गवताला पाजतात. मग सिंगापूर, मग फ्लोरिडा, मग एप्रिलमध्ये अमेरिकेतलं ते फुलझाडांच्या मैदानाचं कौतुक. मेमध्ये स्पेन, जूनमध्ये पुन्हा अमेरिका, जुलैत आमचा किनारा, मग स्वित्झर्लंडचे डोंगर, मग चीन, आणि डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत एकमेकांना मिठ्या. सगळीकडे त्याच टोप्या, तेच दात आणि 'काय सुंदर राखलंय हो गवत' ही तीच थाप. हौशी खेळाडू तेवढे बरे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पण मागच्या वर्षी इथल्या हौशींच्या स्पर्धेत एक पोरगी आली, तिच्याबरोबर तिचं मन शांत ठेवायला एक पगारी माणूस होता. तो माणूस पहिल्या होलपाशी माझ्यावरच ओरडला, की मशीन बंद कर, तिचं मन अशांत होतंय.

क्लबाचे सेक्रेटरी फार्कर पेट्री यांनी दारातच जगाचा मोठा नकाशा लावला होता. आमच्या गावचा व्यावसायिक खेळाडू स्ट्रूअन मंकर त्या आठवड्यात जिथे खेळत असेल तिथे पेट्रीसाहेब निळी टाचणी टोचायचे. स्ट्रूअन कतारमध्ये दोन दिवसांत बाहेर पडला तरी टाचणी रविवारपर्यंत तिथेच. येणारा-जाणारा टाचणीला हात लावून जायचा. मीही लावलाय. पोरगं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. लहानपणी मीच त्याला माझ्या शेडमधले जुने चेंडू द्यायचो.

पण मला सांगायचं आहे ते एफी लम्सडेनबद्दल. तिच्यासाठी कुणी कधी टाचणी टोचली नाही.

एफी अठ्ठावन्न वर्षांची. बंदरावरच्या धुराड्यात हॅडॉक मासे जोडीजोडीने शेपटीला दोरी बांधून टांगायचे आणि लाकडाच्या धुरावर शिजवायचे, हे तिचं काम. पहाटे चारला सुरू, दुपारी बाराला संपलं. एकला ती मैदानावर. अंगाला धुराचा वास तसाच. क्लबातल्या काही बाया नाक मुरडायच्या आणि खिडकी उघडायच्या; एफी म्हणायची, "उघडा उघडा, वास बाहेर गेला की मांजरं आत येतील." नवरा बोटीवर गेला तो बोटीसकट गेला, त्याला वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. दिसायला बुटकी, खांदे पुरुषासारखे, आणि फटका असा सरळ की मी त्यावरून कुंपणाची दोरी लावली असती.

तिची ख्याती मात्र वेगळीच होती. एकोणीस वर्षांची असताना मुलींच्या अजिंक्यपदाच्या शेवटच्या दिवशी उंच गवतात तिचा चेंडू तिच्या बुटामुळे बोटभर हलला. कुणी पाहिलं नाही. तिने स्वतः हात वर करून दंडाचा फटका मोजायला लावला आणि एकाच फटक्याने हरली. त्यानंतर गावात हा कायमचा विनोद झाला. "एफीबरोबर खेळतोयस? मग श्वाससुद्धा मोजून घे." तिच्यासमोर म्हणायचे, आणि तीही हसायची. पण महिन्याच्या क्लब-सामन्यात जोडी लावताना जो तो तिच्या शेजारीच नाव लिहायचा, कारण एफीने सही केलेल्या फटक्यांच्या कार्डाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

आमच्यात स्वतःचं कार्ड स्वतः लिहीत नाहीत. तुझे फटके मी मोजायचे, माझे तू, आणि शेवटी दोघांनी सही करायची. त्या दुसऱ्याला मार्कर म्हणतात. मार्करची सही नसलेलं कार्ड म्हणजे चुलीत घालायचा कागद.

या वर्षी एफीच्या आयुष्यात पहिल्यांदा एक मोठी गोष्ट घडली. पोर्तुगालला नोव्हेंबरात वयस्क हौशी बायकांची स्पर्धा होती आणि जिल्ह्याने तिचं नाव धाडलं. ती स्कॉटलंडबाहेर कधी खेळली नव्हती. इंग्लंडातसुद्धा नाही. अट एवढीच, की ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत आपल्या क्लबातली तीन कार्डं पाठवायची, मार्करच्या सहीसकट. एफीला ती अट वाचून हसू आलं. तीन कार्डं तर ती पंधरवड्यात भरायची.

जुलैत इथे व्यावसायिकांची मोठी स्पर्धा झाली. दोन दिवसांनी निम्मे घरी गेले आणि उरलेल्यांची संख्या विषम आली. अशा वेळी यादीत तळाला असलेल्याबरोबर क्लबातला एक सभासद पाठवायची रीत आहे. तो खेळतो, पण त्याचं खेळणं धरत नाहीत, तो नुसता मार्कर. तळाला होता स्ट्रूअन मंकर. पेट्रीसाहेबांनी एफीला बोलावलं. गावचा पोरगा, गावची मासळीवाली, दोघांचा फोटो वर्तमानपत्रात छान दिसेल, असं ते माझ्या देखत म्हणाले.

शनिवारी सकाळी साडेसातला ती जोडी सुटली. समुद्रावरून दाट धुकं आलं होतं. इतक्या सकाळी ना कॅमेरे असतात, ना पंच. मागे चालणारी माणसं म्हणाल तर स्ट्रूअनची आई आणि दोन कुत्रे. प्रत्येक जोडीबरोबर बंकरमधली, म्हणजे मुद्दाम खणलेल्या खड्ड्यातली, वाळू सारखी करायला गवतवाल्यांपैकी एक जण दांताळं घेऊन चालतो. त्या जोडीबरोबर मी होतो.

पोरगं त्या दिवशी देवासारखं खेळलं. तेरा होल झाली तेव्हा मी मनातल्या मनात मोजत होतो की हा मैदानाचा विक्रम मोडतोय. चौदावं होल आखूड आहे. त्याने पहिलाच फटका ग्रीनपर्यंत, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतापर्यंत, मारला, पण चेंडू घरंगळत शेजारच्या खोल बंकरमध्ये गेला, पार कडेच्या पोटाशी. तो खाली उतरला. एफी वर ग्रीनच्या काठावर, मी पलीकडच्या काठावर, त्याच्यापासून दहा पावलांवर. त्याने फटका मारला. वाळू उडाली, चेंडू वर उडाला, कडेच्या मातीवर आपटला आणि परत त्याच्या पायाशी येऊन पडला. त्याने एकदा वर पाहिलं. धुक्यात आईचा नुसता कोट दिसत होता. त्याने पुन्हा मारला, चेंडू बाहेर. मग दोन फटक्यांत होलमध्ये.

"चार," तो म्हणाला.

"पाच, पोरा," एफी म्हणाली आणि पाच लिहिलं.

तो हसला आणि पुढे चालू लागला. मी खड्ड्यात उतरून वाळू सारखी केली. दोन फटक्यांच्या दोन खुणा होत्या. दोन्ही मी पुसल्या. ते माझं कामच आहे म्हणा.

शेवटी कार्ड देण्याच्या तंबूत मलाही बोलावलं, तेव्हा स्ट्रूअन खुर्चीत पाणी पीत बसला होता, एफी उभी होती आणि पेट्रीसाहेबांचे कान लाल झाले होते. स्ट्रूअनच्या हिशेबाने त्रेसष्ट, म्हणजे विक्रम. एफीच्या हिशेबाने चौसष्ट, म्हणजे जुन्या विक्रमाशी बरोबरी.

"सही कर बाई, पुढची जोडी येईल," पेट्रीसाहेब म्हणाले.

"चौदाव्यावर पाच राहू द्या, करते."

"एफी आंटी, मी पाय रोवत होतो गं," स्ट्रूअन म्हणाला. "वाळू उडाली ती तुला धुक्यात फटका वाटली."

"पाय रोवताना चेंडू कडेला आपटून खाली येतो होय रे? मग मला पण शिकव. माझा कधी येत नाही."

"तू वर होतीस. तुला काय दिसणार?"

"मला दिसलं. तुलाही दिसलं. तू वर बघितलंस तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते."

पोराने पाणी खाली ठेवलं आणि कार्डाकडे हात नेला. एवढ्यात मागून कुणीतरी 'त्रेसष्ट!' म्हणून ओरडलं आणि बाहेर टाळ्या सुरू झाल्या. मला वाटतं, त्या टाळ्या झाल्या नसत्या तर त्याने पाच कबूल केले असते. की हे मी त्याच्यासाठी शोधलेलं निमित्त आहे, कोण जाणे.

पेट्रीसाहेब माझ्याकडे वळले. "वॉटी, तू तिथेच होतास. तू काय पाहिलंस?"

आता हे सांगायलाच हवं. आमचा मुख्य गवतवाला नोव्हेंबरात निवृत्त होणार होता. त्याच्या जागी कोण, हे पेट्रीसाहेब ठरवणार होते. त्यांनी त्याबद्दल तेव्हा अवाक्षर काढलं नाही, एवढा सभ्यपणा त्यांच्यात आहे. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"धुकं होतं साहेब," मी म्हणालो. "मी दांताळं पुसत होतो."

एफीने माझ्याकडे मान वळवली नाही. पेन्सिल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मग मी सही करत नाही." आणि बाहेर गेली.

समितीने खेळाडूचा शब्द ग्राह्य धरला. मार्करच्या जागी पेट्रीसाहेबांनी सही केली. नियमात तशी सोय आहे म्हणे. आमच्या नियमात लबाडाच्या सोयीचं काय नाही तेवढं सांगा.

रविवारी स्ट्रूअन एका फटक्याने चौथा आला. त्या एका फटक्यावर त्याला पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळाली. बेकरीवाल्याने त्रेसष्ट आकडा घातलेला निळा केक केला आणि गावाला फुकट वाटला. मीही खाल्ला. दोन तुकडे.

कुणीतरी वर्तमानपत्रवाल्यांना तंबूतली गोष्ट सांगितली. ते एफीच्या धुराड्यापाशी आले. तिने एवढंच सांगितलं, "मी पाच लिहिले," आणि मासे टांगायला लागली. पण छापून आलं, आणि गाव पेटलं.

गाव म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. कुणी तिला शिवी दिली नाही. कुणी दगड मारला नाही. एका आठवड्यात तिच्या पत्रपेटीत चष्म्याच्या दुकानाच्या अकरा जाहिराती पडल्या. बेकरीत ती शिरली की बोलणं थांबायचं. खाटीक तिला म्हणाला, "एफी, दोन सॉसेज दिलीत हं, तीन मोजू नकोस," आणि रांग हसली. ज्यांच्या म्हाताऱ्या आयांना तिने आजारपणात रोज मासळीचं सूप पोचवलं, ती माणसं हसली. मी रांगेत होतो. मी हसलो नाही, पण बुटांकडे बघत राहिलो. ते काही फार वेगळं नव्हे.

क्लबाच्या दारावर महिन्याच्या सामन्याचा कागद लागतो. तीन-तीन घरांच्या ओळी. ज्याला खेळायचं त्याने पेन्सिलीने नाव लिहायचं. ऑगस्टच्या कागदावर एफीने ओळीच्या पहिल्या घरात नाव लिहिलं. शेजारची दोन घरं शेवटपर्यंत कोरी राहिली. खालच्या ओळींत गर्दी झाली, दोघीजणी कागदाबाहेर समासात नावं लिहून गेल्या, पण ती दोन घरं कोरी. एफी एकटी खेळली, पेटीत कार्ड टाकलं, आणि पेट्रीसाहेबांनी ते 'अप्रमाणित' असा शिक्का मारून परत पाठवलं.

तरी तिने दोन कार्डं मिळवली. एकावर सही केली एका नॉर्वेच्या पाहुणीने. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं, आणि अठरा होल ती एफीच्या फटक्यांवर टाळ्या वाजवत होती. दुसऱ्यावर मिस ऑकिनलेक यांनी. त्या चौऱ्याऐंशीच्या, गावातल्या जुन्या शाळेच्या बाई. त्यांना सकाळी कुणी फोन करून समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तुला पहिलीत नापास केलं होतं, आठवतं? अजून तसाच आहेस." त्यानंतर आठवड्याने त्या पडल्या आणि खुबा मोडला. तिसरं कार्ड राहिलं.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार हा शेवटचा सामना. एफीच्या नवऱ्याची पुतणी मॉराग येते म्हणाली. बुधवारी तिने कागदावर नाव लिहिलं, गुरुवारी खोडलं. पाठ दुखते म्हणाली. त्याच संध्याकाळी ती कुणाच्या तरी लग्नात तीन तास नाचली, हे मला माझ्या बायकोने सांगितलं. बायकोही तिथेच नाचत होती.

शुक्रवारी बाराच्या सुमारास मी बंदरावर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. तीन महिने मला जेवण गोड लागत नव्हतं, आणि कोरी घरं बघून बघून डोळे दुखायला लागले होते. एफी धुराड्याचं झाकण पाण्याने ओलं करत होती.

"काय हवं? जोडी की दोन जोड्या?" तिने न वळताच विचारलं.

"मासे नकोत. उद्या मी खेळतो तुझ्याबरोबर. मार्कर म्हणून."

ती वळली. हात फडक्याला पुसले.

"तू? तुझी सुट्टी आहे?"

"काढतो. कार्ड भरू, मी सही करतो, सोमवारी पाठव. पोर्तुगालला जा. बास झालं हे."

"बस," ती म्हणाली. मी उलट्या पेटीवर बसलो. तिने मला एक गरम मासा कागदावर दिला, नेहमीसारखा, जसं काही झालंच नव्हतं. त्याचं मला जास्त लागलं.

"वॉटी, एक विचारू? तंबूत विचारलं नाही मी."

"विचार."

"तुला दिसलं होतं ना?"

धुराचा लोट आमच्या मधून गेला. मी म्हणालो, "दिसलं होतं. कडेला आपटला. पायाशी पडला. पाच."

तिने मान हलवली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मला वाटत होतं, खरंच धुकं असेल," ती म्हणाली. "तीन महिने मी स्वतःला विचारतेय, एफी, म्हातारी झालीस का? ते चष्म्याचे कागद मी फेकले नव्हते. डोळे तपासून आले मी."

मी मासा कागदावर परत ठेवला.

"मग उद्या?" मी कसंबसं विचारलं.

"उद्या नको. तुझी सही नको मला."

"अगं, पण कार्ड! पोर्तुगाल!"

"जे दिसलं ते न सांगणाऱ्या माणसाची सही घेऊन मी पोर्तुगालला काय सांगू? तुला काही करायचंच असेल ना, तर वर क्लबात जा. पेट्री पाचपर्यंत असतो. त्याला सांग. माझ्या कार्डाचं राहू दे, तेवढं कर."

"सांगतो," मी म्हणालो. शप्पथ, तेव्हा मनापासून म्हणालो.

बंदरावरून क्लब दहा मिनिटांचा चढ आहे. चढताना मी वाक्य जुळवत गेलो. साहेब, जुलैत मी खोटं बोललो. एवढंच वाक्य. सात वर्षांच्या मुलाला म्हणता येईल असं. दार ठोठावलं. पेट्रीसाहेब चहा पीत होते. समोर एक टाइप केलेलं पत्र होतं आणि वर माझं नाव होतं. उलटं असलं तरी मला वाचता आलं.

"ये वॉटी, बरं झालं आलास. सोमवारी तुलाच बोलावणार होतो," ते म्हणाले. "आधी तू बोल. काय काम काढलंस?"

मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो. माझ्या बोटांना धुराचा वास येत होता. त्यांनाही आला असणार, कारण त्यांनी उठून खिडकी उघडली.

"चौदाव्याच्या बंकरमध्ये वाळू कमी झालीय, साहेब," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

शनिवारी एफी एकटीच खेळली. सोमवारी वाळू आली. दोन ट्रॉल्या. मी मुख्य गवतवाला झालो होतो, दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, पण ती मीच पसरली.